ब्रेक काढून दे

आमच्या ह्यांना सगळी गल्ली 'थांबा' म्हणून ओळखते. दुरुस्त झालेली सायकल घेऊन गिऱ्हाईक निघालं, की हे मागून ओरडणार, "थांबा!" मग पुढचा ब्रेक दाबून सायकल ढकलून बघणार, मागचा दाबून ओढून बघणार, तेव्हा कुठे सोडणार. "लग्नाआधी मला अशी तपासलीत का हो?" मी एकदा विचारलं. म्हणाले, "तपासली की. तोंडाला ब्रेक नाही."

ब्रेकच्या झिजलेल्या रबरावरून ते माणूस ओळखतात. घाबरट कोण, उतावळा कोण, उताराने येतो कोण. मला या उगाच फुशारक्या वाटायच्या.

एका दुपारी भावजी आले, माझे धाकटे दीर. जाऊबाई दगडखाणीच्या पाण्यात बुडून गेल्या तेव्हापासून त्यांच्या तोंडावर हसू म्हणून दिसलं नव्हतं. त्या दिवशी मात्र हसत आले.

"दादा, याचे ब्रेक काढून दे. फार करकरतात."

असं मागणारं गिऱ्हाईक आमच्याकडे कधी आलं नव्हतं. ह्यांनी सायकल छताच्या आकड्यांना टांगली आणि रबरं काढली. दोन्ही झिजून पार लोखंडाला टेकलेली. आत दगडखाणीतली पांढरी कच रुतलेली.

"तुझा कारखान्याचा रस्ता तर सपाट आहे," हे म्हणाले.

"करकरतात रे," भावजी म्हणाले. "उद्या नेतो."

ते गेल्यावर हे तडक खाणीवर गेले आणि पांढरेफटक होऊन परतले. म्हणाले, पाण्याकडे उतरणाऱ्या वाटेवर चाकं घासल्याच्या खुणा होत्या. प्रत्येक खूण आधीच्या खुणेच्या थोडी पुढे. शेवटची काठापासून हातभर. त्याच संध्याकाळी ह्यांनी सायकलला नवी रबरं बसवली.

दुसऱ्या दिवशी भावजी दारातच थांबले. सायकलकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"नवी घातलीस ना, दादा? तिला कळलं. रागावलीये."

"कोण?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"वहिनी, ती रोज म्हणते, अजून जरा पुढे या. मी ब्रेक मारतो. मग म्हणते, ते काढूनच या."

ह्यांनी भावाचा दंड धरला. "तिला सांग, मी नाही काढणार."

तेवढ्यात टांगलेल्या सायकलचं पुढचं चाक फिरायला लागलं. वारा नव्हता, कुणाचा हातही लागला नव्हता. आधी हळू, मग इतकं भरभर की आरे दिसेनात. ह्यांनी धावत जाऊन ब्रेक दाबला. रबर जिथल्या तिथे बसलं, जळका वास सुटला, पण चाक फिरतच राहिलं. ह्यांच्या कामाला मी आयुष्यभर नावं ठेवली, पण ह्यांनी बसवलेला ब्रेक लागला नाही, असं तोवर एकदाही पाहिलं नव्हतं.

"सोड त्याला, बाई," हे दोन्ही हातांनी ब्रेक आवळत म्हणाले. आवाज रडवेला झाला होता. "मला एकच भाऊ आहे गं."

भावजी चाकाकडे बघत हसत होते. मग त्यांची नजर दादाच्या ब्रेक आवळलेल्या हातांवर गेली आणि हसू मावळलं. ते पुढे झाले, दादाचे हात बाजूला केले आणि अलगद ब्रेक दाबला.

"नाही गं," ते म्हणाले. "मला नाही यायचं."

चाक थांबलं. भावजी तिथेच फरशीवर बसून हमसून हमसून रडायला लागले, आणि आम्ही दोघं त्यांना घट्ट धरून बसलो.