उपासाच्या दिवसांतले नमुने

आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेला मी पहिलाच. निफाडकडच्या शाळेतून नाशिकला आलो आणि दोन हजार सालानंतर एका छोट्या प्रयोगशाळेत लागलो. लहान वयात जडणारा मधुमेह रक्तातल्या प्रथिनांवरून आधीच ओळखता येईल का, हे आम्ही शोधत होतो. मी नमुने तयार करायचो आणि पुण्याला नेऊन मास स्पेक्ट्रोमीटर या प्रथिनं मोजणाऱ्या यंत्रावर मोजून आणायचो. दिवसभर बोलायला कोणी नसे. घरच्यांना कामाबद्दल काय सांगावं, तेही सुचत नसे.

वर्षभराने एक प्रथिन हाती लागलं. आजारी मुलांच्या रक्तात ते त्यांच्या निरोगी थोरल्या भावंडांपेक्षा ठळक जास्त होतं. प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांनी शोधनिबंध लिहायला घेतला आणि माझं नाव पहिलं घातलं. खातरजमेसाठी त्याच घरांतून पुन्हा रक्त घ्यायचं तेवढं राहिलं होतं.

ओझरजवळच्या एका घरी गेलो, तेव्हा नवरात्र चालू होतं. आजारी मुलगी स्वयंपाकघरात एकटीच भिंतीकडे तोंड करून डाळ-भाकरी खात होती. बाकीचे नंतर जेवणार का, असं मी तिच्या आईला विचारलं.

"आमचे नऊ दिवस उपास हाय ना, भाऊ. हिला इन्सुलिनची सुई घेतली की खावंच लागतं. देवीला मीच तेवढी नको, म्हणती." मग माझ्यापुढे साबुदाण्याची ताटली सरकवली. "घ्या. तुमचा बी असंल."

माझाही होता. घास हातातच राहिला. गेल्या वर्षीचं रक्त मी याच दिवसांत घेतलं होतं. आठवडाभर माणूस साबुदाण्या-बटाट्यावर राहिला, तर हे प्रथिन रक्तात कमी होतं, हे मी वाचलेलं होतं. म्हणजे भावंडांत ते कमी दिसलं, ते उपासामुळेही असू शकत होतं. वहीत वय, वजन, इन्सुलिन सगळं लिहिलं होतं, पण उपास विचारायचा असतो हे डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे तो सगळेच करतात.

गप्प बसलो असतो, तर कोणाला कळलं नसतं. परतीच्या एसटीत तोच विचार करत होतो. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं.

"दिवाळीनंतर रक्त घेऊन बघ," एवढंच म्हणाले.

घेतलं. आजारी मुलांचा आणि भावंडांचा आलेख एकमेकांवर ठेवून खिडकीशी धरले, तर रेघा जवळपास एकच दिसत होत्या. सर रागावले नाहीत, त्यांचे ते उपकार मी विसरलेलो नाही. त्यांनी शोधनिबंध कपाटात ठेवला आणि नव्या घरांची यादी करायला सांगितली. त्या दुपारी मी एकटाच यादी करत बसलो.