दुसऱ्याच चालीत वजीर

माझे सासरे डॉक्टरांना घाबरत नाहीत. फक्त त्यांच्याकडे जात नाहीत.

त्या रविवारी सकाळपासून त्यांच्या छातीत जड वाटत होतं. नवरा मौद्याला, वीज प्रकल्पात ड्यूटीवर. फोनवर म्हणाला, "मी निघालो. तू काहीही कर, पण बाबाले दवाखान्यात ने!" (काहीही! जणू मी त्यांना पिशवीत घालून नेणार होते.)

"मामाजी, चला ना. ऑटो बोलावते."

"काहून? गॅस हाय तो. काल तर्री जास्त झाली." त्यांनी बुद्धिबळाचा पट उघडला. "असं कर, मले हरवून दाखव. हरलो तर येतो."

आता मला बुद्धिबळातलं एकच येतं. मोबाइलवर पाहिलेली चार चालींतली मात! वजीर झपकन बाहेर काढायचा, उंटाचा टेकू द्यायचा, खेळ खलास! मनातल्या मनात मी ऑटोत बसलेसुद्धा.

पहिली चाल प्यादं. दुसरीला वजीर थेट पटाच्या कडेला!

मामाजींनी चष्म्यावरून पाहिलं. "एवढ्या घाईनं कुठं चालला वं हा?"

त्यांनी घोडा काढला. मी उंट आणला. त्यांनी एक फुटकळ प्यादं सरकवलं आणि माझा वजीर पळाला. दुसरा घोडा अंगावर आला, वजीर पुन्हा पळाला. दर हुसकावणीला त्यांची फौज मैदानात उतरत होती. माझी सगळी घरी झोपलेली! शेवटी वजीर कोंडीत सापडला आणि पाठोपाठ मला मात!

माझे डोळे भरून आले. "म्हणजे आता तुम्ही येणार नाही?"

"रडून काहून राहिली वं?" हसून हसून लाल झालेले मामाजी चपला शोधू लागले. "चाल, येतो. आपल्या डॉक्टरले बुद्धिबळाचा लय शौक हाय. हे सांगितल्याबिगर मले चैन नाही पडत!"

त्यांनी ऑटोवाल्याला सांगितलं. काउंटरवर सांगितलं. ईसीजीच्या वायरी लावणाऱ्या सिस्टरला तर सगळ्या चाली ऐकवल्या! तेवढ्यात नवराही धापा टाकत पोचला. आम्ही दोघं बाहेर एकमेकांचा हात घट्ट धरून बसलो.

बऱ्याच वेळानं दार उघडलं तसे आम्ही ताडकन उठलो. डॉक्टरांचा चेहरा गंभीर.

"सगळं व्यवस्थित आहे. गॅसच होता."

नवरा मटकन खुर्चीत बसला. मी भिंतीला टेकून मोठ्ठा श्वास सोडला. डॉक्टर मात्र हलेनात. माझ्याकडे बघत, आवाज खाली आणून म्हणाले,

"पण वहिनी, खरं सांगा. दुसऱ्याच चालीत वजीर?"