गीत क्रमांक सत्त्याऐंशी

गावातून निघाले तो रविवार होता, आणि आप्पा उपासनेच्याच कपड्यांत मला फाट्यावर सोडायला आले होते. पांढरा शर्ट, इस्त्री नसलेली पण स्वच्छ धुतलेली पँट, आणि बोटांच्या पेरांत बसलेलं वर्षानुवर्षांचं सिमेंट. माझ्याजवळ एक सूटकेस, गादीची वळकटी आणि आईनं दिलेली शेंगदाण्याच्या चटणीची बरणी. वाघोलीच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंटची नोकरी लागली होती. आपला नेवाशाचा फाटा ज्या रस्त्यावर, त्याच रस्त्यावर वाघोली. तरी आई अशी बघत होती की जणू मी बोटीनं निघाले होते.

एसटी लांबून दिसली तशी आई रडायला लागली आणि आप्पा बोलायला लागले. आप्पा एरवी बोलत नाहीत, हे आपल्या गावच्या चर्चच्या मंडळीला, म्हणजे तुम्हांला, सांगायला नको. "तिथं मंडळी शोध," ते म्हणाले. "एक काम धर. बारकं हाय म्हणून नाक मुरडू नको. आणि धरलं की सोडू नको." मी हो म्हटलं, पण लक्ष सगळं खिडकीच्या जागेवर होतं.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखेच लवकर बाहेर पडले, त्यांना आप्पांचं काम कदाचित आठवणार नाही. आठवडाभर गवंडीकाम करणारे आप्पा रविवारी आपल्या देवळातला गीतांचा फळा लावायचे. व्यासपीठाच्या डाव्या हाताला तो काळा लाकडी फळा, त्याला चार आडव्या खाचा, आणि त्या खाचांत सरकवायच्या पत्र्याच्या पट्ट्या. पट्ट्या आप्पांनीच तेलाचे डबे कापून केलेल्या, त्यांवर पांढऱ्या रंगात आकडे. उपासनेत कोणती चार गीतं म्हणायची ते पाळकसाहेब सांगत, आप्पा गीतपुस्तकातले त्यांचे क्रमांक लावत. एवढंच काम. मी पाच-सहा वर्षांची असल्यापासून त्यांना पट्ट्या पुरवायचे, त्यामुळे अख्खं गीतपुस्तक मला क्रमांकांनी पाठ होतं. पण आप्पांचा एक नियम होता. आकडा लावला की स्टुलावरून खाली उतरायचं, पुस्तक उघडायचं आणि तेच गीत आहे ना ते बघायचं. "पाठ हाय की, आप्पा," मी कुरकुरायचे. "पाठ असलं तरी बघायचं," ते म्हणायचे.

पुण्यात मंडळी सापडली ती शहरातल्या एका जुन्या दगडी चर्चमध्ये. वाघोलीहून दोन बस बदलून जावं लागायचं. मला आवाज बरा आहे, हे मी स्वतःच सांगते, दुसरं कोणी सांगेल याची वाट बघण्यात अर्थ नाही. नाताळात आपल्या गावात पहिलं कडवं मीच उचलायचे. तेव्हा पुण्यातही आपल्याला लगेच गायकवृंदात घेतील, अशी माझी पक्की समजूत होती. तिथं चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक होते शमुवेल सर, निवृत्त शिक्षक. पहिल्याच महिन्यात त्यांना जाऊन म्हटलं, "सर, मला गाता येतं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "छान. आमच्याकडे न येणारेसुद्धा गातात. गीतांचा फळा लावायला मात्र कोणी नाही. जमेल तुम्हांला?"

मी हो म्हटलं, कारण दुसरं काय म्हणणार. पण घरी फोनवर आईला सांगितलं, "उपासनेत सेवा करते मी आता." सेवा म्हणजे गाणंच, असं तिला वाटलं आणि तिनं तसं शेजारीपाजारी सांगितलं. मी दुरुस्त केलं नाही. आज ते इथं लिहून टाकते, म्हणजे माझ्या गाण्याचं कौतुक ज्यांनी ज्यांनी ऐकलं असेल त्यांनी ते परत घ्यावं.

पुण्यातलं गीतपुस्तक नव्या आवृत्तीचं होतं. गीतं तीच, पण क्रमांक सगळे बदललेले. शनिवारी पाळकसाहेब व्हॉट्सॲपवर गीतांच्या पहिल्या ओळी पाठवायचे, आणि मी दर वेळी अनुक्रमणिकेत शोधून क्रमांक काढायचे. काम दहा मिनिटांचं. फळ्याकडे कोणी बघतंय असंही दिसायचं नाही. पाळकसाहेब क्रमांक बोलून सांगायचे, पेटीवर सूर धरला जायचा, लोक गायला लागायचे. मला वाटायचं, हा फळा म्हणजे जुनी सवय म्हणून टांगून ठेवलेला आहे, आणि त्याच्याबरोबर मीही.

फळ्याच्या अगदी खाली, पहिल्या बाकावर मार्थाबाई बसायच्या. ऐंशीच्या घरातल्या, कडक सुती साडी, केस घट्ट बांधलेले. चाळीस वर्षं सुईणीचं काम केलेल्या, असं कोणीतरी सांगितलं होतं. मी जाता-येता त्यांना "जय ख्रिस्त" म्हणायचे, त्या कधी उत्तर द्यायच्या नाहीत. मी मनाशी ठरवून टाकलं की पुण्याची माणसं अशीच, गावाकडचा वास आला की मान फिरवणारी. गाताना मात्र त्या सगळ्यांच्या आधी उभ्या राहायच्या.

मग तो रविवार आला. नगर रोडवर खराडीच्या अलीकडे बस अडकली ती हलेचना. मी चर्चमध्ये शिरले तेव्हा घंटा वाजत होती. तशीच धावत फळ्याशी गेले आणि फोनवरच्या पहिल्या ओळी बघून भराभर पट्ट्या सरकवल्या. पहिलं गीत आपलं पहाटेच्या स्तुतीचं. आपल्याकडे ते सत्त्याऐंशी. हातानं सत्त्याऐंशी लावला. बाकीचे तीन क्रमांक आठवले तसे नव्या पुस्तकातले लावले आणि जाऊन बसले. पुस्तक उघडून पाहिलं नाही.

पाळकसाहेबांनी एकशे बारा म्हणून सांगितलं. लोकांनी एकशे बारा उघडलं. पेटी सुरू झाली. आणि पहिल्या ओळीतच माझ्या लक्षात आलं की पुढून एक वेगळाच आवाज येतोय. मार्थाबाई उभ्या राहून, पुस्तक दोन्ही हातांत धरून, मोठ्यानं मातीच्या वेळचं, माणसाला पुरताना म्हणायचं गीत म्हणत होत्या. नव्या पुस्तकातलं सत्त्याऐंशी. पाळकसाहेबांनी काय सांगितलं, पेटी काय वाजतेय, बाकीचे काय गातायत, यातलं त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. त्या ठार बहिऱ्या होत्या. वर्षभर मी त्यांच्या डोक्यावर आकडे टांगत होते आणि मला माहीत नव्हतं.

त्या अख्खं कडवं गायल्या. मागच्या बाकांवरची मुलं हसायला लागली. शेजारच्या बाईंनी त्यांच्या हाताला स्पर्श करून आपलं पुस्तक दाखवलं. मार्थाबाईंनी ते पाहिलं, मग आपलं पाहिलं. वर फळ्याकडे पुन्हा बघायचं धाडस त्यांना झालं नसावं. त्या पुस्तक मिटून खाली बसल्या आणि उरलेल्या तीन गीतांना उठल्याच नाहीत.

उपासना संपल्यासंपल्या मी पट्ट्या काढून त्यांच्या डब्यात टाकल्या. कोणालाही काही कळलं नव्हतं. ज्यांना ऐकू येतं ते फळा कशाला वाचतील? जिनं वाचला ती काही बोलली नाही. बसमध्ये मी स्वतःला समजावलं की एका आकड्यानं काय बिघडतं.

पुढच्या रविवारी पहिल्या बाकावरची ती जागा रिकामी होती. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या रविवारी शमुवेल सर कोणाला तरी सांगताना ऐकलं, "त्यांच्या मुलाचा फोन आला होता. आईला आता जमणार नाही म्हणाला. विसरायला लागल्यात, मागच्या वेळी भलतंच गीत म्हटलं ना." एका बाईला वेडं ठरवलं जात होतं आणि ती वेडी नाही हे जगात फक्त मला माहीत होतं. सांगितलं असतं तर माझं काम जाणार होतं. तोवर ज्या कामाला मी नाक मुरडत होते, तेच जाईल म्हणून भीती वाटली. कारण त्या शहरात मला कोणी ओळखत असेल तर फळावाली म्हणूनच.

त्या आठवड्यात आप्पांना फोन केला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील. "पुस्तक उघडलं न्हाईस," ते म्हणाले. मग म्हणाले, "जा तिच्याकडं. आजच जा."

मार्थाबाई कोथरूडला मुलाकडे राहत होत्या, तिसऱ्या मजल्यावर. सुनेनं दार उघडलं आणि बसायला सांगितलं. मार्थाबाई आल्या, मला ओळखलं, पण हसल्या नाहीत. त्यांच्याशी बोलायचं तर लिहून, असं सून म्हणाली. मी पिशवीतून कागद काढला. वाटेत दोन बसमध्ये जे शब्द जुळवले होते ते सगळे विसरले आणि सरळ लिहिलं: 'त्या रविवारी फळ्यावर सत्त्याऐंशीच होता. मी चुकीचा लावला होता. आमच्या गावच्या पुस्तकातला. तुम्ही बरोबर वाचलंत.'

त्यांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढून पदरानं पुसला. "म्हणजे सत्त्याऐंशीच होता?" त्यांचा आवाज गरजेपेक्षा मोठा होता, ऐकू न येणाऱ्यांचा असतो तसा. मी मान हलवली. "अगं, तीन आठवडे मी घरात आकडे वाचत बसलेय. कॅलेंडरवरचे, औषधांच्या पाकिटांवरचे, लिफ्टमधले. म्हटलं कान गेले ते गेले, आता डोकंही गेलं." त्या सुनेकडे वळल्या आणि कागद तिच्या हातात दिला. "वाच. मोठ्यानं वाच. आणि त्यालाही दाखव, संध्याकाळी आला की."

मी रडत होते. "चूक करायचीच होती तर नाताळचं तरी गाणं लावायचंस," त्या म्हणाल्या. "मेल्याचं कशाला लावलंस?" मग सुनेला चहा टाकायला सांगितला.

रविवारी सूचनांच्या वेळी मी उभी राहिले आणि सगळ्या मंडळीसमोर सांगितलं की चूक माझी होती. आवाज नीट निघाला. मार्थाबाई पहिल्या बाकावर बसल्या होत्या, मी काय बोलतेय ते त्यांना ऐकू येत नव्हतं, पण मान ताठ होती. नंतर शमुवेल सर माझ्याकडे आले. मी म्हटलं, "सर, फळ्याचं काम दुसऱ्या कोणाला द्यायचं असेल तर..." ते म्हणाले, "दुसरं कोणी आहे का? नाही. तेव्हा पुढच्या रविवारपासून लवकरची बस धरा."

याला आता बारा वर्षं झाली. गायकवृंदानं अजून मला विचारलेलं नाही आणि मीही आता विचारत नाही. वाघोलीत तेव्हा ज्वारीची रानं दिसायची तिथं आता बारा-बारा मजल्यांच्या सोसायट्या आहेत, मी त्यातल्याच एकीत राहते. आमच्या चर्चमध्ये स्क्रीनही लागला. पण पहिल्या बाकावरून तो स्क्रीन मान वाकडी करून बघावा लागतो, म्हणून फळा राहिला. त्यासाठी मी पंचांशी भांडले, आणि जिंकले.

गेल्या नाताळात गावी आले होते, ते तुम्ही पाहिलंच. आप्पांचे गुडघे आता स्टुलावर चढू देत नाहीत. ते पहिल्या बाकावर बसले आणि मला म्हणाले, "तू लाव." त्याच पट्ट्या, कडा झिजलेल्या. मी न बघता चारही क्रमांक लावले आणि खाली उतरून पुस्तक उघडलं. पहिल्या गीताच्या जागी एकशे बारा होता. आपल्या जुन्या पुस्तकात ते सुगीच्या आभाराचं गीत. दुसरा बघितला, तोही चुकलेला. चारही आकडे पुण्याचे होते. ज्या पुस्तकावर मी लहानाची मोठी झाले ते माझ्या हातांतून कधी गेलं, मला कळलंच नव्हतं. मी तशीच उभी राहिले.

"काय झालं?" आप्पांनी विचारलं.

"आप्पा, सगळे पुण्याचे लावले मी."

ते फळ्याकडे बघत राहिले. वाईट वाटलं असेल, असं मला वाटलं. मग म्हणाले, "म्हंजे तिथं घर झालं तुझं. लई घोर होता मला." आणि थोड्या वेळानं, "आता हितले लाव. घंटा व्हायची येळ झाली."

मी पुस्तक उघडं ठेवून एकेक पट्टी बदलली. सत्त्याऐंशी लावताना हात थांबला, तो तुम्हांला मागून दिसला नसेल. मी तेव्हापासून घराचा विचार करते आहे. फाट्यावर एसटीत चढले तेव्हा घर मागं राहिलं असं वाटलं होतं, आणि कितीतरी वर्षं मी ते मागंच शोधत होते. आता इतकंच कळतं की जिथं माझ्या हातच्या आकड्यावर कोणाची तरी भिस्त आहे, तिथं मला परकं वाटत नाही.

सुट्टी संपवून पुण्याला परतले, आणि पुढच्या रविवारी लवकरच्या बसनं चर्चला गेले. फळा लावला, खाली उतरले, पुस्तक उघडून चारही क्रमांक पाहिले. मार्थाबाई आता नव्वदी ओलांडलेल्या आहेत, त्या माझ्याही आधी येऊन बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून पहिला आकडा वाचला. मग माझ्याकडे न बघता, कोणालाही न विचारता, आपलं पुस्तक उघडलं.