पाळण्यात तोललेला गूळ

महानंदा बिरादार बाईंची आणि माझी ओळख झाली ती सीमाभागातल्या मुडबीच्या आमच्या शाळेत, मी आठवीत असताना. विज्ञानाच्या पहिल्याच तासाला बाईंनी पाण्यानं भरलेली बादली डोक्यावरून गरागरा फिरवली. पाणी सांडलं नाही. आम्ही पुढच्या बाकावरच्या मुली मात्र घाबरून मागं पळालो. आज बाई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या, तरी त्यांच्याविषयी लिहिताना मी प्रत्येक शब्द दोनदा तपासते, कारण शुद्धलेखनाच्या बाबतीत त्या फार कडक.

कन्नड घरातल्या मुलांना त्या कन्नडमधून समजावत, आम्हाला मराठीतून, आणि रागावायचं झालं तर सगळ्यांना दख्खनी उर्दूतून. कुणी पाठ केलेलं धडाधडा म्हटलं की विचारत, "हे पुस्तकातलं झालं. तुला काय कळलंय?"

माझ्या अप्पांचं किराणा दुकान. दहावीनंतर मी दुकानात बसावं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. "पोरीनं अजून कामून शिकायचं?" असं ते म्हणाले की घरात कुणाचं काही चालत नसे. बाई समजवायला आल्या आणि चहा पिऊन परत गेल्या. मी रडून रडून डोळे सुजवून घेतले.

त्याच सुमारास जत्रा भरली. अप्पांनी तिथं गुळाचं दुकान मांडलं होतं. बाई आल्या आणि अप्पांना म्हणाल्या, "अण्णा, तुमचा स्प्रिंगचा काटा घेऊन जरा आकाशपाळण्यात बसता का?" काट्याला गुळाची छोटी ढेप अडकवून अप्पा बसले आणि उतरले ते चक्रावूनच.

"अक्का, गूळ तोच, काटा तोच. वर गेलं की कमी भरायलाय, खाली आलं की जास्त. कामून?" मग त्यांच्यातला व्यापारी जागा झाला. "म्हंजे माल वर बसून घ्यावा अन् खाली येऊन इकावा की!"

बाई पोट धरून हसल्या. उत्तर मात्र दिलं नाही. "हे दहावीनंतर पीयूसी सायन्सला असतंय, अण्णा. पोरीला पाठवा, ती शिकून सांगल."

आपला काटा असा डोळ्यांदेखत बदलतो, हे अप्पांना सहन होईना. ते पुन्हा पुन्हा बाईंच्या दारी गेले, पण बाई बधल्या नाहीत. अखेर बसवकल्याणच्या कॉलेजात माझं नाव घातलं गेलं. रोजचं जाणं-येणं झेपेना, तेव्हा बाईंनी स्वतःच्या बहिणीकडं माझी राहायची सोय केली. त्याचा उल्लेखही त्यांनी कधी केला नाही.

वर्तुळाकार गती शिकून झाल्यावर मी दुकानात अप्पांना समजावलं. ढेप फिरत राहायला ती सतत मध्याकडं ओढली जावी लागते. वर असताना मध्य ढेपेच्या खाली असतो आणि पृथ्वीच तिला त्या बाजूला ओढते, म्हणून काट्यावर भार कमी. खाली आल्यावर काट्यालाच ढेप पेलायची आणि वर मध्याकडं ओढायचीही. अप्पांनी सगळं नीट ऐकलं. मग हळूच म्हणाले, "अन् ह्याच्या पुढचं कुठं शिकवत्यात?"

आज मी कलबुर्गीच्या कॉलेजात हाच विषय, भौतिकशास्त्र, शिकवते. बाईंना उत्तम आरोग्य आणि भरपूर आयुष्य लाभो, त्यांचा रागही असाच टिकून राहो. ते उत्तर देऊन बाई जत्रेतच मोकळ्या झाल्या असत्या, तर माझं शिक्षण त्याच दिवशी संपलं असतं.