उजव्या इंजिनावरचा डूख

नोरीन टलकने एकदा डूख धरला की धरला. ऑस्ट्रेलियात, पश्चिम क्वीन्सलंडमधल्या दूरदूरच्या कुरणांवरच्या घरांना दर गुरुवारी टपाल पोचवणाऱ्या तिच्या छोट्या विमानाला दोन इंजिनं होती, आणि त्यातल्या उजव्यावर तिचा तीन आठवडे राग होता. ते खोकतं, असं ती मेकॅनिक क्लाइव्हला रोज सुनवायची. तो बिचारा रोज ते खोलायचा, पुसायचा, आणि दोष सापडला नाही म्हणून बोलणी खायचा. एकतीस वर्षं विमान चालवणाऱ्या बाईपुढे बोलणार कोण?

त्या गुरुवारी मागे बेरिल बसली होती. सत्तरीची, दात काढायला शहरात निघालेली. विमान जेमतेम झाडांच्या वर आलं आणि हिसका बसला. नाक एका बाजूला वळू लागलं.

"मेलं एकदाचं उजवं," नोरीन म्हणाली. खरं सांगायचं तर मनातून तिला बरंच वाटलं. आता क्लाइव्हला दाखवतेच. इंजिन बंद करायच्या दांड्याकडे हात गेलासुद्धा.

पण बंद करण्याआधी त्याच इंजिनाचा जोर जरा कमी करून बघायचा, ही सवय अंगात मुरलेली. तिने उजव्या इंजिनाचा जोर कमी-जास्त करायची मूठ मागे घेतली आणि विमान एकदम खाली जाऊ लागलं. झाडं जवळ आली. तेव्हा कुठे तिचं लक्ष स्वतःच्या पायांकडे गेलं. विमान सरळ ठेवण्यासाठी उजवा पाय पेडल दाबून थरथरत होता, डावा नुसता टेकलेला. जो पाय रिकामा, त्या बाजूचं इंजिन मेलेलं, हे ती स्वतःच नव्या वैमानिकांना शिकवायची. गेलं होतं डावं. बदनाम उजवंच दोघींना तोलून धरत होतं.

तिने मूठ पुढे लोटली, डावं बंद केलं आणि मोठा वळसा घेऊन विमान परत उतरवलं. खाली पाय टेकताच ती चाकाजवळच बसली. सुटलो, सुटलो, एवढंच मनात. बेरिल म्हणाली, दात दुखायचा थांबलाय, मला घरी सोड.

क्लाइव्ह चहा घेऊन धावत आला. नोरीन गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं.

"चांगलं इंजिन बंद करणार होते मी," नोरीन म्हणाली. "तेच मरणार, असं धरूनच बसले होते."

आता हा टोमणा मारणार, असं तिला वाटलं. पण तो तिच्याशेजारी मातीतच बसला.

"आणि मी तीन आठवडे तेच खोलत बसलोय," तो म्हणाला. "तू म्हणालीस म्हणून. डाव्याचं झाकणसुद्धा उघडून बघितलं नाही गं."

नोरीनने अर्धा चहा त्याला दिला.