समुद्र आणि मेडशीची गाडी

मेडशीच्या गाडीचे कंडक्टर प्रत्येक गोष्ट दोनदा बोलतात. "बसा बसा. सुटे द्या, सुटे द्या." आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, हे त्यांना ठाऊक आहे. मी पुस्तक उघडलं की मोबाइलवर गाणी लावणाऱ्यांना ते दटावतात.

काल मी सागरी प्रवाहांचा धडा मोठ्याने पाठ करत होते. "चुप राहा, चुप राहा, पोरगी समुद्र सांगून राह्यली!" ते म्हणाले.

मी सांगितलं, ध्रुवाकडचं थंड, खारट पाणी जड होऊन तळाशी जातं, शेकडो वर्षं फिरून वर येतं. प्रवाह उष्णता जगभर वाहून नेतात.

मागून एक काका म्हणाले, "मंग आपल्या सोयाबीनले त्याचं काय?"

"हवामानाचं संतुलन..."

"म्हंजे काय?"

माझं पाठांतर तिथेच संपलं होतं. कोणीतरी हसलं.

"तिकीट दाखवा, तिकीट दाखवा!" कंडक्टर एकदम ओरडले.

"आत्ताच तं दाखवले ना, राजेहो! झोप लागली होती काय?"

आता सगळे मला सोडून त्यांना हसू लागले. ते मान खाली घालून एकेक तिकीट पुन्हा तपासत मागे गेले. माझं तेवढं मागितलं नाही. उतरताना मला त्यांच्याकडे बघवलं नाही.