मुठीतला पन्ना

ती घटना मला आजही आठवते, आणि मी विसरायची म्हटली तरी बायको विसरू देत नाही. घरात कशावरही ठाम मत दिलं की ती विचारते, "भिंगातून बघितलंत का?"

तेव्हा मी पनवेलच्या एका ठाण्यात गुन्हे तपासाचा निरीक्षक होतो. निवृत्तीला तीन-चार वर्षं उरली होती, म्हणजे आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याचं वय. त्याआधीच्या एका घरफोडीत तज्ज्ञ म्हणून आलेल्या मुंबईच्या जवाहिऱ्यानं जाताना मला एक जुनं भिंग भेट दिलं. भिंग कसलं, काडेपेटीएवढ्या चौकटीत बसवलेली काळपट हिरवी काच. ती डोळ्याला लावायची आणि चांगल्या उजेडात हिरव्या खड्याकडे पाहायचं. पन्ना असेल तर लालसर दिसतो, साधी काच असेल तर हिरवीच राहते. जवाहिरा पुढे आणखी काही सांगत होता, पण तेवढ्यात मला वरिष्ठांचा फोन आला. परत येईपर्यंत तो निघून गेला होता.

पुढचे काही दिवस मी ठाण्यात कुणाला काम करू दिलं नाही. सगळ्यांच्या अंगठ्या तपासल्या. आमच्या एका हवालदारानं ज्योतिषाच्या सांगण्यावरून पन्ना घातला होता. तो हिरवाच राहिला.

"काच आहे," मी जाहीर केलं.

"असू द्या साहेब," तो म्हणाला, "बदली तर घराजवळ झाली ना."

अशा वेळी कामोठ्यात राहणाऱ्या एक शिक्षिका अर्ज घेऊन आल्या. त्यांच्या वारलेल्या आईची पन्न्याची अंगठी त्यांना ढिली होत होती. जुन्या पनवेलमधल्या एका वयस्क सोनाराकडून त्यांनी ती लहान करून घेतली. काही महिन्यांनी दागिन्यांच्या प्रदर्शनात एका विक्रेत्यानं ती बघून नाक मुरडलं आणि खडा तपासून घ्या म्हणाला. बाईंना तक्रार करायची नव्हती. कुठे तपासून मिळेल, एवढंच विचारायचं होतं.

दुसरा अधिकारी असता तर त्यानं प्रयोगशाळेचा पत्ता दिला असता. मी ड्रॉवरमधून भिंग काढलं, अंगठी खिडकीतल्या उन्हात धरली. खडा हिरवाच.

"काच आहे," मी म्हणालो.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मीच त्यांना समजावलं की विश्वासानं दिलेली वस्तू बदलणं हा गुन्हा आहे, कलमं चारशे सहा आणि चारशे वीस. अर्जाची फिर्याद झाली. अंगठी जप्त करून सीलबंद केली. हे सगळं अर्ध्या तासात झालं आणि त्या वेगाचाही मला अभिमान वाटला.

खबर दोन दिवसांनी आली. सोनाराच्या गल्लीत ऊठबस असलेला आमचा एक खबऱ्या सांगून गेला, "काकांच्या तिजोरीत लाल फडक्यात एक हिरवा खडा हाय. गिऱ्हाईकाला दाखवत नाय, विकत पण नाय." मला आणखी काय हवं होतं? दोन पंच घेतले, जीप काढली, आणि कारण नसताना सायरन वाजवत त्या अरुंद गल्लीत शिरलो.

दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, मागे राहतं घर. सोनारकाका सत्तरीला टेकलेले, बारीक अंगाचे. त्यांनी तिजोरी स्वतःच उघडून दिली. फडकं निघालं, त्यात खडा निघाला. मी तो दुकानाच्या पायरीवर आणून उन्हात धरला आणि भिंग लावलं. निखारा फुंकल्यावर पेटतो तसा तो लाल दिसला. मी भिंग पंचांना दिलं, हवालदाराला दिलं, जमलेल्या लोकांपैकी दोघांना दिलं. जत्रेत दुर्बीण दाखवणारा आणि मी यात त्या दिवशी फारसा फरक नव्हता.

हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, अंगठीच्या कोंदणापेक्षा हा जरा मोठा वाटतोय."

"कोंदण बदललं असेल. सोनार आहे तो."

"जी साहेब," तो म्हणाला. 'जी साहेब' म्हणण्याच्या किती तऱ्हा असतात हे खात्यातल्या माणसांना सांगायला नको.

चौकशी सकाळी अकराला सुरू झाली. मी काकांच्या अंगाला हात लावला नाही, आणि हे पुढे बरेच दिवस मोठेपणानं सांगत असे. चहा दिला, पंख्याखाली बसवलं. प्रश्न फक्त एकच होता.

"हा खडा कुणाचा?"

"तो त्या बाईंचा नाही साहेब."

"मग कुणाचा?"

काका दाराकडे बघत राहत. दाराबाहेर बाकावर त्यांची बायको डबा मांडीवर घेऊन बसली होती. शिरढोणकडच्या, नऊवारीतल्या बाई, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक शिपायाला विचारत होत्या, "जेवले का वो ते?"

एकदाच काका आपणहून बोलले. "साहेब, बाईंनाच विचारा. खडा त्यांच्या मुठीत होता."

मला वाटलं, वेड पांघरतोय. चोर शेवटी फिर्यादीवर घसरतो, हे माझं आवडतं निरीक्षण होतं, आणि निरीक्षण आवडतं झालं की माणूस ते तपासत नाही. मी मोर्चा दाराकडे वळवला. "तुम्ही सांगत नसाल तर काकूंना आत बोलावतो. त्यांना माहीत असेल." दर अर्ध्या तासानं मी तेच म्हणत राहिलो. चार वाजता काकांनी हात जोडले.

"लिहा साहेब. मीच घेतला. तिला आत नका बोलावू."

पोलिसापुढची कबुली कोर्टात उभी राहत नाही, हे मला माहीत होतं. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात नोटीस देऊन माणसाला घरी पाठवता येतं, हेही माहीत होतं. तरी मी अटक दाखवली. बाहेर येऊन काकूंना सांगितलं की उद्या कोर्टात भेटा. त्यांनी डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्षिकाबाई पुरवणी जबाबाला आल्या. जबाब लिहायला आमच्या महिला पोलीस नाईक बसल्या होत्या. हुशार मुलगी, प्रत्येक प्रश्न क्रमानं विचारणारी. मी शेजारी कोर्टाचे कागद चाळत होतो.

"अंगठी कापताना खडा काढला, तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"तिथेच, समोर."

"आणि खडा कुठे होता?"

"माझ्या हातात." बाईंनी मूठ मिटून दाखवली. "काका म्हणाले, पन्ना आगीजवळ नेला की तडकतो. अंगठी सांधून होईपर्यंत तुम्हीच सांभाळा. त्यांच्याकडे रीतच आहे ती, गिऱ्हाइकाचा खडा गिऱ्हाइकाच्या मुठीत. मग मी दिला, त्यांनी माझ्यादेखत बसवला."

पेन थांबलं. मी बाईंकडे पाहिलं. "हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही कुठे विचारलंत? तुम्ही त्या काचेतून बघितलंत आणि म्हणालात काच आहे. मला वाटलं, तुम्हाला जास्त कळतं."

मी उठलो, कोठडीपाशी गेलो. काका भिंतीला टेकून बसले होते. मी विचारलं, "चहा घेणार का?" त्यांनी मान हलवली, नको म्हणून.

कोर्टात मी पोलीस कोठडी मागितली नाही, जामिनाला हरकत घेतली नाही. दोन्ही खडे मुंबईला प्रयोगशाळेत पाठवले. अहवालाची वाट पाहण्याचे आठवडे मी कसे काढले ते बायकोला ठाऊक. त्या काळात काकांच्या दुकानात गिऱ्हाईक फिरकलं नाही. मुलीच्या लग्नासाठी दिलेलं सोनं एका कुटुंबानं घडण्याआधीच परत नेलं, असं हवालदारानं सांगितलं. सोनारावर एकदा खडा बदलल्याचा बोल आला की त्याचं काय उरतं?

अहवाल आला. अंगठीतला पन्ना खरा, खाणीतला. आणि ज्यानं निखाऱ्यासारखं पेटून मला खूश केलं होतं, तो कारखान्यात बनवलेला. मी जवाहिऱ्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, त्या दिवशी हेच सांगत होतो. काही खाणींतल्या पन्न्यात लोह जास्त असतं, तो भिंगातून हिरवाच राहतो. आणि माणसानं बनवलेला पन्ना तर सगळ्यांत लाल दिसतो. त्या काचेचा उपयोग एवढाच की पुढे तपास करायचा."

पुढे तपास करायचा. हे एका पोलिसाला जवाहिऱ्यानं सांगावं.

काका एकटे मला भेटायला आले. "साहेब, दुकान काढताना तिनं स्वतःच्या पाटल्या मोडल्या होत्या. एक दिवस तुला पन्ना देईन म्हणालो होतो. तसा दिवस काही आला नाही. शेवटी हा आणला आणि खरा म्हणून दिला. दर पाडव्याला ती फडकं सोडते, बघते, परत बांधते. तुम्ही तिच्यासमोर विचारत होतात. तिचा म्हणालो असतो तर कुठून आणला, केवढ्याला, तेही विचारलं असतंत. काय सांगू?"

कोर्टाच्या आदेशानं खडा परत द्यायचा दिवस आला तेव्हा काकूही आल्या. फडकं हातात घेऊन त्यांनी विचारलं, "बाईंचा खडा खरा निघाला म्हणे?"

"हो."

"नि आमचा?"

काका जमिनीकडे बघत होते. नोकरीत मी पुष्कळ खोटं ऐकलं आहे, थोडंफार बोललोही आहे. त्या क्षणी ना खोटं बोलता येईना, ना खरं. "तुमचा तुमचाच निघाला, काकू," मी म्हणालो. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि फडक्याला गाठ मारली. त्यांना काय माहीत होतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

निघताना काका म्हणाले, "साहेब, जीपनं आणलंत. आता चालत सोडायला या. तेवढं करा."

मी गणवेशात त्यांच्याबरोबर चालत निघालो. गल्लीच्या तोंडाशी पानवाल्यानं हटकलं, "काय साहेब, लागला का माल?" आणि माझ्या तोंडून, तीस वर्षांच्या सवयीनं, शब्द निघाले, "तपास चालू आहे."

काका थबकले. काकू मागून आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"अजून चालू हाय?"

"नाही," मी म्हणालो. "संपला. माझी चूक झाली."

"मोठ्यानं सांगा साहेब. जीप आली तेवा सायरन वाजवत आली होती."

तर मी मोठ्यानं सांगितलं. पानवाल्याला, समोरच्या कापडवाल्याला, गॅलरीत आलेल्या बायकांना. यांनी काही घेतलं नव्हतं, चूक पोलिसांची, म्हणजे माझी. आवाज दोनदा फाटला. परेडला कधी फाटला नव्हता. काकांनी शटर वर केलं, गादी झटकली आणि मला बसा म्हणाले. मी बसलो, लोकांना दिसेल असा, तासभर.

त्या गुन्ह्याचा तपास बंद करायला मी कोर्टात 'क' समरी, म्हणजे शेवटचा अहवाल, पाठवली होती. तिच्यात लिहिलं आहे की फिर्यादीच्या गैरसमजुतीमुळे गुन्हा दाखल झाला. तो कागद मंजूर होऊन फायलीत गेला आणि अजून तिथेच असेल. शिकलो ते एवढंच, की गप्प बसलेला माणूस काय लपवतोय हे आपल्याला माहीत नसतं, आणि समोर बसलेल्या बाईला साधा प्रश्न विचारायला कुठलंही भिंग लागत नाही. बाईंचा कसलाही गैरसमज झाला नव्हता. त्या फक्त पत्ता विचारायला आल्या होत्या.